काडतुसांची टंचाई ओसरली ती कशामुळे?

अमेरिकेत २०१९ च्या अखेरीस नऊ मिलिमीटरचे साधे सरावाचे काडतूस सतरा ते वीस सेंटला मिळत असे. २०२१ च्या सुरुवातीला त्याच काडतुसाला साठ-सत्तर सेंट पडू लागले. काही ठिकाणी त्याहूनही जास्त मोजावे लागत, आणि तेवढे मोजायची तयारी असूनही दुकानातून रिकाम्या हाताने परतावे लागे. २०२३ पासून भाव पाव डॉलरच्या आसपास स्थिरावला. फळ्या पुन्हा भरल्या आणि ‘एका गिऱ्हाइकाला दोनच खोकी’ अशा पाट्या उतरल्या. हौशी नेमबाजांसाठी टंचाई संपली, असे तिथे सर्रास म्हटले जाते. मालाचा विचार केला तर ते खरेच आहे. पण ती कशामुळे संपली हे पाहिले पाहिजे, कारण पुढची टंचाई कधी आणि किती काळ येणार हे त्याच उत्तरावर ठरते. २०१३ आणि २०२० च्या दोन मोठ्या टंचाया शेजारी ठेवून पाहिल्या तर माझे मत असे होते की नव्या कारखान्यांनी ही टंचाई संपवली नाही. लोकांची भीती ओसरली, म्हणून ती संपली. उत्पादनाची क्षमता जवळपास होती तिथेच राहिली, काही बाबतीत ती आणखी थोड्या हातांत गेली. त्यामुळे आजची सुबत्ता खरी असली तरी तिचा पाया कच्चा आहे.

हे समजायचे तर काडतूस बनते कसे ते पाहावे लागते. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर, आत धूररहित दारू आणि तोंडाशी शिशाची, बहुधा तांब्याचे आवरण चढवलेली गोळी, असे त्याचे चार भाग. पितळ, शिसे आणि तांबे बाजारात मिळतात. भाव वाढतात, पण माल मिळतो. खरी अडचण प्रायमरची. घोडा पडला की पेट घेणारे ते इवलेसे द्रव्य बहुतेक ठिकाणी शिशाच्या स्टिफनेट या संयुगापासून बनते. ते ओले असताना हाताळावे लागते, कारण वाळले की धक्क्यानेही फुटते. त्यासाठी अनुभवी कामगार लागतात, जाड भिंतींच्या वेगळ्या खोल्या लागतात, परवानग्या लागतात. अमेरिकेत अनेक वर्षे हौशी बाजारासाठी मोठ्या प्रमाणावर प्रायमर बनवणारी नावे चारच होती: फेडरल, सीसीआय, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. रिकाम्या पुंगळ्या गोळा करून घरी काडतुसे भरणारे लाखो नेमबाज तिथे आहेत. टंचाईच्या काळात आपण स्वावलंबी आहोत असे त्यांना वाटते, पण प्रायमर त्यांनाही मुख्यतः याच चौघांकडून घ्यावा लागतो. कारखान्यात प्रायमर कमी पडू लागले की ते आधी कंपनीच्या स्वतःच्या काडतुसांत जातात आणि सुट्या विक्रीला उरत नाहीत. कोविडच्या साथीआधी हजार प्रायमर तीस-पस्तीस डॉलरना मिळत. टंचाईत ते फेरविक्रीत शंभर-दोनशेच्या घरात गेले. आणि पॉइंट टू टूच्या (.२२ इंची) छोट्या काडतुसात तर प्रायमर पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो, त्यामुळे ते घरी पुन्हा भरणे व्यवहारात शक्यच नाही. नवशिका, शाळकरी मुलगा, ऑलिंपिकचा रायफल नेमबाज या सगळ्यांचे हे काडतूस, आणि त्याला पर्याय नाही.

पहिली मोठी टंचाई नेमकी याच काडतुसाची झाली. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकटमधल्या न्यूटाउन गावात सँडी हुक शाळेत वीस मुले आणि सहा प्रौढ मारले गेले. देश हादरला आणि बंदुकांवर नवे कायदे येणार अशी चर्चा सुरू झाली. कायद्याच्या भीतीने लोक दुकानांकडे धावले. खरेदीपूर्व पार्श्वभूमी तपासणीची जी केंद्रीय यंत्रणा आहे, तिच्याकडे २०११ मध्ये सुमारे १ कोटी ६४ लाख चौकश्या गेल्या होत्या, २०१३ मध्ये त्या २ कोटी ११ लाखांवर गेल्या. ही बंदूकविक्रीची मोजणी नव्हे, परवान्यांच्या फेरतपासण्याही तिच्यात धरल्या जातात, पण वारा कुठल्या दिशेला आहे ते तिच्यातून कळते. प्रत्यक्षात एप्रिल २०१३ मध्ये तपासणी वाढवण्याचा मँचिन-टूमी प्रस्ताव सिनेटमध्ये ५४ विरुद्ध ४६ मते पडूनही पुढे सरकू शकला नाही, कारण साठ मते लागत होती. कायदा आलाच नाही. पॉइंट टू टूच्या काडतुसावर बंदी घालण्याची तर मागणीही मुख्य चर्चेत नव्हती. तरीही ज्यांच्यावर बंदीची चर्चा होती त्या एआर-१५ रायफली काही महिन्यांत पुन्हा दिसू लागल्या आणि पॉइंट टू टू मात्र २०१५ उलटेपर्यंत धड मिळेना. पाचशे काडतुसांचे खोके वीस डॉलरच्या आसपास मिळत असे. मोठ्या साखळी दुकानांनी भाव फारसा वाढवला नाही. त्यामुळे सकाळी ट्रक यायच्या वेळेला रांग लावून सगळा माल उचलायचा आणि दुपारी पन्नास-साठ डॉलरना विकायचा, असा धंदाच उभा राहिला. रविवारी मुलांना रेंजवर नेणाऱ्या माणसाला माल मिळेना, आणि जो कधी शंभर राउंडही झाडत नव्हता त्याच्या तळघरात हजारोंचा साठा झाला. टंचाई असते म्हणून साठा होतो आणि साठा होतो म्हणून टंचाई राहते, हे चक्र एकदा फिरू लागले की ते सुरू करणारे कारण मिटले तरी थांबत नाही.

त्या काळात एक समजूत घट्ट बसली, ती आजही ऐकू येते: सरकारनेच काडतुसे विकत घेऊन बाजार कोरडा केला, अंतर्गत सुरक्षा खात्याने अब्जावधी राउंडची खरेदी केली. या समजुतीची तपासणी झालेली आहे. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार त्या खात्याची वार्षिक खरेदी सरासरी अकरा कोटी राउंडच्या आसपास होती आणि २००९ नंतर ती वाढण्याऐवजी कमी झाली होती. नागरी बाजारात वर्षाला अब्जावधी राउंड खपतात. त्यांच्यापुढे हा आकडा एवढा मोठा नाही की फळ्या रिकाम्या व्हाव्यात. मोठमोठ्या खरेदीचे जे आकडे फिरत होते ते बहुतांशी कराराच्या कमाल मर्यादा होत्या, प्रत्यक्ष खरेदी नव्हती. असे असूनही अफवेने तिचे काम केले: ती ऐकून आणखी काही लाख लोकांनी आणखी काही खोकी घेतली.

मग कंपन्यांनी नवे कारखाने का काढले नाहीत? याचे उत्तर २०१६ नंतरच्या वर्षांत मिळते. २०१६ च्या नोव्हेंबरात अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल लागला, नव्या कायद्यांची भीती एका रात्रीत विरली आणि मागणी कोसळली. २०१६ मध्ये अमेरिकेत जवळपास १ कोटी १५ लाख बंदुका बनल्या, २०१९ मध्ये ७० लाख. तीन वर्षांत इतकी घसरण कुठल्या उद्योगाला सोसते? रेमिंग्टनने मार्च २०१८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, मग कंपनी सावरली, आणि जुलै २०२० मध्ये तिने ती पुन्हा जाहीर केली. सप्टेंबर २०१९ मध्ये कोल्टने नागरी बाजारासाठी एआर रायफली बनवणे थांबवले. लासलगावचा भाव चढलेला पाहून सगळ्यांनी कांदा लावावा आणि काढणीला भाव पडावा, हे आपण दर काही वर्षांनी पाहतो. काडतूस कंपन्यांनी एकदा हात पोळल्यावर तसे करायचे नाही असे ठरवले. प्रायमरची नवी ओळ उभारायला काही वर्षे आणि मोठी रक्कम लागते, आणि ती चालू होईपर्यंत घबराट संपलेली असते. त्यामुळे असलेल्या यंत्रांवर तिन्ही पाळ्या चालवायच्या, थकलेल्या मागण्या हळूहळू पुऱ्या करायच्या, हेच त्यांना शहाणपणाचे वाटते. त्यांच्या जागी मीही वेगळा निर्णय घेतला असता असे मला वाटत नाही. पण या शहाणपणाची किंमत हौशी नेमबाज भरतो, हेही तितकेच खरे.

२०२० ची टंचाई या पार्श्वभूमीवर आली. मार्चमध्ये साथ पसरली, शहरे बंद झाली, उन्हाळ्यात निदर्शने आणि दंगे झाले, नोव्हेंबरात निवडणूक. प्रत्येक घटनेबरोबर खरेदीची नवी लाट. तपासणीच्या चौकश्या २०१९ मधल्या २ कोटी ८४ लाखांवरून २०२० मध्ये ३ कोटी ९७ लाखांवर गेल्या, आणि मार्च २०२१ या एकाच महिन्यात सुमारे ४७ लाख झाल्या. बंदूक उद्योगाच्या संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० मध्ये पहिल्यांदाच बंदूक घेणारे चौऱ्याऐंशी लाखांच्या घरात होते. अंदाज उद्योगाचा आहे, म्हणून तो थोडा कमी धरा. तरी हिशेब करून पाहा: यातल्या प्रत्येकाने पन्नासची दोनच खोकी घेतली तरी चौऱ्याऐंशी कोटी राउंड होतात, आणि ही मागणी नेहमीच्या नेमबाजांच्या मागणीवर वाढीव. याच वेळी पुरवठ्याची बाजू दुबळी होती. आर्कान्सातल्या लोनोक इथला रेमिंग्टनचा काडतूस कारखाना दिवाळखोरीत अडकला होता, म्हणजे प्रायमरच्या चार स्रोतांपैकी एक मागणीच्या शिखरावरच थंडावला. वॉलमार्ट या साखळी दुकानांच्या कंपनीने टेक्सासमधल्या एल पासोच्या हत्याकांडानंतर सप्टेंबर २०१९ मध्ये पिस्तुलाची आणि काही रायफलींची काडतुसे विकणे थांबवण्याचे जाहीर केले होते. त्या कंपनीच्या स्वतःच्या अंदाजानुसार काडतुसांच्या बाजारातला तिचा वाटा सुमारे वीस टक्के होता. ओहायोतल्या कँप पेरी इथे १९०७ पासून भरत आलेल्या राष्ट्रीय स्पर्धा २०२० मध्ये रद्द झाल्या. त्याचे कारण साथ हे होते, पण त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या वर्षीही स्थानिक क्लबांना आणि शाळांच्या संघांना काडतुसांअभावी सराव आखडावा लागला. या सगळ्यात मला सर्वात जास्त वाईट वाटते ते या शाळकरी मुलांचे. एका हंगामात वय निघून जाते.

ती टंचाई ओसरू लागली २०२१ च्या उत्तरार्धात. लोनोकचा कारखाना फेडरल आणि सीसीआयची मालक असलेल्या व्हिस्टा आउटडोअरने ऑक्टोबर २०२० मध्ये ८ कोटी १४ लाख डॉलरना घेतला आणि जुन्या कामगारांना बोलावून तो पुन्हा चालू केला. म्हणजे तो नवा स्रोत नव्हता, बंद पडलेला जुनाच परत आला. सरकारी मालकीच्या लेक सिटी कारखान्याचे काम त्याच महिन्यात विंचेस्टरकडे आले, तेही हस्तांतरच. सगळ्या कंपन्यांनी पाळ्या वाढवल्या, हे मान्य. बंदुकांचे उत्पादनही २०२१ मध्ये सव्वा कोटीच्या पुढे गेले, आणि बंदुका काडतुसांच्या आधी मुबलक झाल्या. ते साहजिकच होते: माणूस पिस्तूल एकदा घेतो, काडतुसे मात्र पुढे वीस वर्षे घेत राहतो. पण एवढ्या वाढीने नऊ मिलिमीटरचा भाव एका वर्षात निम्म्याखाली आला असता असे गणित जुळत नाही. भाव पडले कारण नवे खरेदीदार पहिली दोन-चार खोकी घेऊन थांबले आणि जुन्यांची तळघरे भरली. २०२२ मध्ये तपासणीच्या चौकश्या ३ कोटी १६ लाखांवर आल्या. मागणीची लाट गेली आणि पुरवठा होता तिथेच पुरेसा वाटू लागला.

दोन्ही टंचायांमध्ये एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. २०१३ मध्ये पॉइंट टू टू तीन वर्षे गायब होते, २०२० मध्ये नऊ मिलिमीटर दोन वर्षांच्या आत परतले. दुसऱ्या वेळी दुकानांनी आणि ऑनलाइन विक्रेत्यांनी भाव झपाट्याने वाढू दिले, हे याचे एक मोठे कारण आहे असे मला वाटते. भाव सत्तर सेंट झाल्यावर साठा करणाऱ्याचा हात आखडला आणि फेरविक्रीवाल्याला नफा उरला नाही. यावर आक्षेप येतो की ही नेमबाजांची लूट होती आणि कंपन्यांनी मुद्दाम माल दाबून ठेवला. पहिला भाग अंशतः खरा आहे. त्या दोन वर्षांत कंपन्यांना विक्रमी नफा झाला, आणि भाव उतरले तरी साथीपूर्वीच्या पातळीवर आले नाहीत. पण माल दाबल्याचा पुरावा मला कुठे दिसत नाही. व्हिस्टाकडे त्या काळात अब्ज डॉलरहून जास्त मागण्या थकल्या होत्या, आणि विकण्यासारखा माल गोदामात ठेवून कोणती कंपनी असल्या भावाच्या वेळी बसून राहील? ज्यांचा खिसा लहान आहे त्यांना वाढलेल्या भावाने खेळाबाहेर काढले, हे मात्र नाकारता येत नाही. स्वस्त विकणाऱ्या दुकानापुढच्या रांगेतही तोच माणूस हरत होता, कारण मंगळवारी सकाळी सात वाजता कामावर जाणाऱ्याला रांगेत उभे राहता येत नाही. उत्तर द्यायचे तर क्लबांनी सभासदांसाठी राखून ठेवलेला साठा हेच त्यातल्या त्यात न्याय्य उत्तर होते, आणि ज्या क्लबांकडे तो होता त्यांचे कनिष्ठ नेमबाज टिकले.

याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे. ज्या देशात २०२१ मध्ये बंदुकीने ४८ हजारांहून जास्त माणसे मेली, निम्म्याहून जास्त आत्महत्येने, तिथे काडतुसे कमी मिळणे हे चांगलेच नव्हे का? या प्रश्नामागची वेदना खरी आहे आणि ती टाळून नेमबाजीविषयी लिहिणे मला प्रामाणिक वाटत नाही. पण टंचाई हा नियंत्रणाचा मार्ग नाही, हे त्याच वर्षांनी दाखवून दिले. काडतुसे सर्वात दुर्मिळ होती त्या २०२० मध्ये अमेरिकेतल्या खुनांचे प्रमाण जवळपास तीस टक्क्यांनी वाढले. गुन्हेगाराला किंवा निराश माणसाला एक-दोन राउंड लागतात, ते त्याच्याकडे असतातच. हंगामात हजारो राउंड लागतात ते सराव करणाऱ्याला. टंचाई त्यालाच गाठते. शिवाय पहिल्यांदा बंदूक घेतलेल्या लाखो लोकांना ती सुरक्षितपणे हाताळायला शिकायचे तर रेंजवर काडतुसे लागतात, आणि नेमकी तीच नव्हती. कायदे कडक हवेत की नकोत हा वाद स्वतंत्र आहे. तो संसदेत आणि न्यायालयात लढवला पाहिजे, फळी रिकामी ठेवून नव्हे. यात आणखी एक बाब बाहेरच्यांना माहीत नसते: १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब बंदुका आणि काडतुसांवर अकरा टक्के, पिस्तुलांवर दहा टक्के उत्पादनशुल्क लागते, आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव संवर्धनाला आणि रेंजना जातो. नेमबाजाच्या प्रत्येक खोक्यातून जंगलांना वाटा मिळतो.

आजची स्थिती पाहिली तर धोक्याची तीन कारणे दिसतात. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेने विरोधी नेते नवाल्नी यांच्यावरच्या विषप्रयोगाबद्दल रशियावर निर्बंध लावले आणि ७ सप्टेंबरपासून रशियन काडतुसांच्या नव्या आयातीला परवाने देणे थांबवले. तुला आणि बर्नाऊल या कारखान्यांची पोलादी पुंगळीची स्वस्त काडतुसे हळूहळू आटली, आणि कमी पैशांत सराव करणाऱ्याचा तो आधार होता. दुसरे कारण दारूचे. धूररहित दारू नायट्रोसेल्युलोजपासून बनते आणि त्यासाठी कापसाच्या सरकीवरची लव लागते, जिचा मोठा पुरवठादार चीन आहे. युक्रेन युद्धानंतर तोफगोळ्यांची मागणी वाढली आणि तेच द्रव्य तोफगोळ्यांनाही लागते. घरी काडतुसे भरणाऱ्यांना २०२३-२४ पासून दारूच्या डब्याचे भाव चढलेले आणि काही जाती दुर्मिळ झालेल्या दिसल्या. नऊ मिलिमीटरची फळी भरलेली असतानाही त्यांच्यासाठी टंचाई चालूच राहिली, कारण ती त्या वेळी भीतीची नसून खऱ्या कच्च्या मालाची होती. तिसरे कारण मालकीचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हिस्टाचा सगळा काडतूस व्यवसाय, म्हणजे फेडरल, सीसीआय, स्पीअर आणि रेमिंग्टन, चेक प्रजासत्ताकातल्या चेकोस्लोवाक ग्रुपने २ अब्ज २२ कोटी ५० लाख डॉलरना घेतला. इटलीची फिओकी त्याच्याकडे आधीच होती. प्रायमरच्या चार जुन्या नावांपैकी तीन आता एका मालकाखाली आहेत, आणि तो मालक युरोपच्या सैन्यांनाही माल पुरवतो. चांगल्या व्यवस्थापनात याने पुरवठा स्थिरही होऊ शकेल. आर्कान्सात नव्या प्रायमर कारखान्यांची कामे सुरू झाली, हेही चांगले लक्षण. तरीही एका घरात एवढे एकवटणे मला धोक्याचे वाटते.

महाराष्ट्राचा या प्रश्नाशी संबंध येतो तो वेगळ्या वाटेने. इथल्या नेमबाजाची टंचाई भीतीच्या खरेदीने येत नाही. परवाना, कोटा आणि आयात यांनी ती कायमचीच असते. दारूगोळा बनवणाऱ्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीचे मुख्यालय पुण्यात, खडकीचा कारखाना एकोणिसाव्या शतकापासूनचा, तरी स्पर्धेच्या दर्जाची पॉइंट टू टू काडतुसे आपले रायफल नेमबाज मुख्यतः ब्रिटन आणि जर्मनीतून आलेली वापरतात. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात तेव्हा पात्रतेला साठ आणि अंतिम फेरीला जास्तीत जास्त पंचेचाळीस राउंड झाडावे लागत. पण त्यामागच्या सरावाला हजारो लागतात, आणि तेही शक्यतो एकाच उत्पादन-गटाचे, कारण प्रत्येक नळीला विशिष्ट गट मानवतो. असा नेमबाज तुटवड्यात सापडला की काडतुसे मिळाली तरी त्याला हवा तो गट मिळत नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या नेमबाजांच्या याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या पुढच्या मुलांना त्यामुळे एअर रायफलकडे वळणे सोपे जाते. छऱ्यांना परवान्याची कटकट नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये गृहमंत्रालयाने नामवंत आणि होतकरू नेमबाजांसाठी बंदुकांची आणि काडतुसांची मर्यादा वाढवली, त्याचा उपयोग झाला. पण मर्यादा वाढवल्याने माल येत नाही. अमेरिकेतल्या प्रत्येक लाटेत पॉइंट टू टू बनवणाऱ्या युरोपीय कंपन्यांकडेही तिथल्या मोठ्या बाजाराची मागणी जाते, आणि लहान गिऱ्हाईक म्हणून आपण रांगेत मागे राहतो.

म्हणून फळ्या भरलेल्या असतानाच करण्यासारखे काम आहे, आणि ते कारखानदारांवर सोडून चालणार नाही. अमेरिकी क्लबांनी आणि शालेय संघटनांनी एका पूर्ण हंगामाचा साठा शांत काळात, ठरल्या वेळापत्रकाने, थोडा थोडा घ्यावा. त्याने बाजाराला धक्का लागत नाही आणि घबराटीच्या आठवड्यांत त्या मुलांना दुकानासमोर उभे राहावे लागत नाही. एखादा नेमबाज महिन्याला दोनशे राउंड झाडतो. त्याने सहा महिन्यांपुरते ठेवावे, सहा वर्षांपुरते नव्हे. आपल्याकडे राष्ट्रीय रायफल संघटना आणि राज्य संघटनांनी सामन्याच्या काडतुसांची मागणी एकत्र करून दोन-तीन वर्षांचे करार करावेत, आणि खडकी-वरणगावच्या कारखान्यांत निदान सरावाच्या दर्जाचे पॉइंट टू टू नेमबाजांच्या हाती तपासून पाहत बनवायला लावावे. पहिले काही गट जुळणार नाहीत. ते नोंदवून कारखान्याला परत कळवणारे नेमबाज आणि ते ऐकून घेणारे अभियंते, दोघेही पुण्याच्या परिसरात आहेत.